भित्तिपत्रकांचे विलगीकरण

२०२०च्या टाळेबंदीत सोलापुरातील चादरींचे माग थांबले, चित्रगृहांना कुलपे लागली आणि फर्मानांच्या धाकाने सारा व्यवहार मंदावला. तथापि चित्रपटांची भित्तिपत्रके जमविणाऱ्या आमच्या स्नेह्यांची दिनचर्या अबाधित राहिली, कारण हातमोजे, परस्परांत अंतर आणि स्पर्शवर्ज्यता हे नियम त्यांच्या संग्रहास पूर्वापार लागू होते. टपालाने आलेल्या गीतपुस्तिकेस ते चौदा दिवस विलगीकरणात ठेवीत. (मुदतीअंती तिची प्रकृतीही विचारीत.) संग्रहाचा शिरोमणी म्हणजे व्ही. शांतारामांच्या १९४६च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चे भित्तिपत्रक: युद्धातील जखमींवर उपचार करण्यासाठी चीनला गेलेल्या आणि १९४२ साली तिथेच निवर्तलेल्या सोलापूरच्या सुपुत्राची ती कहाणी. त्यास नित्य उदबत्ती, आणि २२ मार्चला तर सहकुटुंब थाळीनाद. अशा वैद्यकनिष्ठ पुरुषाने माडीवरील भाडेकरू परिचारिकेस, ती कोविड कक्षातून रात्री घरी परतते या सबबीवर, आठ दिवसांत जागा खाली करण्याची लेखी ताकीद दिली, यात कसूर काढण्याजोगे काही नाही. तिच्यावर कोणी चित्रपट काढला असता, तर तिचेही भित्तिपत्रक त्यांनी मोल देऊन आणले असते. ती खोली आता संग्रहाकडे वर्ग झाली आहे. दर्शनेच्छूंनी मुखपट्टी लावून यावे.