चार-आठे

चार-आठ्यांचं खरं आडनाव त्यांच्या दारावर पितळी अक्षरांत लावलेलं आहे, पण ते वाचायची गरज सोसायटीत कुणाला पडत नाही. कुणाचं नेट रखडो, कुणाच्या टीव्हीवर ऐन शेवटच्या षटकात गोल फिरायला लागो, कुणाचं यूपीआय पैसे कापून घेऊन गप्प बसो. त्यांचं औषध ठरलेलं. "सेटिंगमध्ये जा. डीएनएस मॅन्युअल कर. आठ, आठ, आठ, आठ." ८.८.८.८ हा गूगलने डिसेंबर २००९मध्ये सगळ्यांना फुकट वापरायला दिलेल्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता. पुढे १.१.१.१ आला, तेव्हा क्लबहाउसमध्ये तीनपत्ती खेळणाऱ्यांनी त्यांना 'चार एक्के' म्हणून पाहिलं. पण आधीचं नाव बसलं ते बसलंच.

हा नमुना ठाण्यात आहे, सांगलीत आहे आणि न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळातही आहे. वय चाळिशीच्या पुढे, आणि नोकरी कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेली. आमचे चार-आठे विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतात. हॉस्पिटलच्या बिलात सलाइनची एक बाटली जास्त दिसली, तरी त्यांना रात्री झोप लागत नाही. दूध घरी आलं की आधी लॅक्टोमीटर. ओटीपी तर ते सख्ख्या बायकोलासुद्धा सांगत नाहीत. आणि हाच माणूस यूट्यूबवरच्या कुठल्याशा मिसरूड न फुटलेल्या पोराने सांगितलेला बारा आकडी पत्ता स्वतःच्या पन्नास हजारांच्या यंत्रात डोळे मिटून भरतो. तो सर्व्हर कुणाचा, कुठला, चालवणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे विचारावंसं त्यांना वाटत नाही. 'चालतंय ना?' एवढी एकच छाननी.

डीएनएस म्हणजे काय, हे मात्र ते फार सुंदर समजावतात. "समज, तू नवख्या गावात उतरलास. नाक्यावर पानवाला. त्याला नाव सांगायचं, तो पत्ता सांगतो. यंत्राला नाव कळत नाही, आकडे कळतात. नावाचे आकडे करून देणारा तो डीएनएस. घरचा केबलवाला त्याचा पानवाला तुझ्या गळ्यात मारतो. आपण आपला निवडायचा." मग ते पॉल मोकापेट्रिस यांचं नाव घेतात आणि घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था १९८३मध्ये आखली. त्याआधी जगभरच्या जोडलेल्या यंत्रांची नावं कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या एकाच फाइलमध्ये असत, आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. एवढं ऐकवल्याशिवाय ते राउटरला हात लावत नाहीत. चहा तोवर दोनदा होतो.

त्यांची आवडती कथा इस्तंबूलची. मार्च २०१४मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने ट्विटर बंद केलं, तेव्हा लोकांनी भिंतींवर रंगाने ८.८.८.८ लिहिलं. हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो; आपण त्या भिंतीवर ब्रश घेऊन उभे होतो, असा काहीसा भाव चेहऱ्यावर येतो. कथेचा उत्तरार्ध ते गाळतात. काही दिवसांतच गूगलने जाहीर केलं, की तिथल्या इंटरनेट कंपन्यांनी आमच्या पत्त्याचं सोंग घेणारे स्वतःचे सर्व्हर बसवले आहेत. म्हणजे पानवाल्याच्या टपरीवर पाटी तीच, आत माणूस वेगळा. गेमच्या कन्सोलमध्ये डीएनएस बदलला तरी ही चौकशी उघड्यावरच होते. वाटेत बसलेल्याला ती ऐकू जाते आणि मनात आणलं तर उत्तरही तोच देऊ शकतो. चार-आठ्यांसमोर हे बोलायचं नाही. ते पाणी मागतात.

चिरंजीव फुटबॉलच्या गेममध्ये हरले, तरी दोष डीएनएसचाच. वास्तविक पत्ता एकदा कळला, की पानवाल्याचं काम संपलं; पुढे रस्त्यावर गर्दी असेल तर ती कुणाला विचारून निघालात यावर अवलंबून नसते. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर सिंगापूर काही जवळ येत नाही. चिरंजीवांना हे पक्कं ठाऊक आहे. पण हरण्याचं कारण बाप स्वतःहून पुरवत असेल तर पोराने का नाकारावं?

तर कन्सोल. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला विक्रीला आलं, किंमत ४९,९९० रुपये. चार-आठ्यांनी ते पुढे ओळखीतून मिळवलं, ते मुलासाठी. मुलासाठी म्हणून हॉलमध्ये ठेवलं, आणि हॉलमध्ये म्हणून कंट्रोलर त्यांच्या हातात. आठवड्याच्या आत त्यांना कळलं, की यात ब्राउझरच दिसत नाही. प्लेस्टेशन ३मध्ये होता, ४मध्ये होता, ५मधून मात्र त्याचं चिन्ह गायब! एवढे पैसे मोजून ब्राउझर नाही, हे हॉस्पिटलच्या जादा सलाइनइतकंच त्यांच्या जिवाला लागलं. खिशात मोबाइल होता, टेबलावर लॅपटॉप होता. वहिनींनी दोन्ही दाखवले. पण जे दिलेलं आहे, त्यात त्यांना रस नसतो.

त्यात दिवाळीला भाच्याने निन्टेंडोचा स्विच पाठवला. आपल्याकडे तो कंपनीमार्फत मिळत नाही, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या बॅगेतूनच येतो. स्विचमध्येही ब्राउझर दिसत नाही, मात्र आत दडलेला असतो, आणि तो का असतो हे समजण्यासारखं आहे. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला फुकट वाय-फाय सुरू झालं, तेव्हा आधी एक पान उघडून मोबाइल नंबर मागायचं, आठवतंय? तसं पान दाखवता यावं, म्हणून हा छोटा ब्राउझर आत ठेवलेला. वाय-फायला जोडताना स्विच कंपनीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर 'आहात का?' म्हणून हाक मारतो. ओळखीचं उत्तर आलं तर ठीक. भलतंच आलं, तर त्याला वाटतं, आपण स्टेशनात आहोत आणि नोंदणी करायची आहे. मग तो ते पान उघडतो. आता डीएनएस तुम्ही बदललेला असेल आणि त्या नव्या डीएनएसने या हाकेचा पत्ताच दुसरीकडे वळवला, तर तुमचा हॉल झाला मुंबई सेंट्रल! उघडलेल्या पानावरून पुढे कुठेही जा. युक्ती खरोखर झकास आहे. ती शोधणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं.

चार-आठ्यांनी ती वापरून काय केलं? कोकणकन्येचं तत्काळ तिकीट काढायला बसले.

एसीचं तत्काळ दहाला उघडतं. साडेनऊपासून ते ५५ इंची टीव्हीसमोर मांडी घालून. स्टिक हलवत हलवत एकेक अक्षर टिपायचं. 'आय' सापडला, 'आर' सापडला, 'सी'च्या ऐवजी 'एक्स' पडला, खोडा.

"अहो, मोबाइलवर काढा ना."

"मोबाइलवर काय, कुणीही काढेल."

"कुणीही काढेल म्हणूनच म्हणतेय. नऊ पंचावन्न झाले."

चौकटीतल्या वेड्यावाकड्या अक्षरांशी त्यांची झटापट चालू असताना दहा वाजून सहा मिनिटं झाली. वहिनींनी स्वयंपाकघरात, एका हाताने पोळी उलटत, तिकीट काढलं. चार-आठ्यांनी ते सोसायटीत सांगताना "स्विचवर जवळजवळ निघालंच होतं" असं सांगितलं.

सगळ्या प्रकरणात मला काळजी वाटली, ती पासवर्डची. तेवढी बोलून दाखवली, तर म्हणाले, "एचटीटीपीएस असतं रे. कुलूप असतं." अर्धं बरोबर आहे. डीएनएसने खोट्या सर्व्हरकडे नेलं तरी त्याला खऱ्या साइटचं प्रमाणपत्र दाखवता येत नाही, आणि ब्राउझर तक्रार करतो. पण ज्या पानावरून चार-आठे निघाले, ते पानच एका अनोळखी माणसाचं. तिथली लिंक एका अक्षराने वेगळ्या साइटवर नेत असेल, तर तिथेही कुलूप असतं आणि ते अगदी अस्सल असतं. टीव्हीवर दहा फुटांवरून एक अक्षर कुणाला दिसतंय!

ब्राउझर लपवणं हा कंपन्यांचा कंजूषपणा आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. मला तसं वाटत नाही. कन्सोल फोडणारे वर्षानुवर्षं याच दारातून आत शिरले आहेत. ऑगस्ट २०१६मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅबने पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं आयफोनवरचं प्रकरण उघड केलं. त्यातली एक फट होती वेबकिट या ब्राउझरच्या इंजिनात. ॲपलने ती लगेच बुजवली. मार्च २०१७मध्ये स्विच बाजारात आला, तो त्याच इंजिनाची जुनी आवृत्ती पोटात घेऊन, आणि ती फट तशीच उघडी! काही दिवसांत लोकांनी ती दाखवूनही दिली. पुढच्या अपडेटांनी अशा फटी बुजत गेल्या, पण चार-आठे अपडेट टाळतात. का, तर अपडेट मारलं की यूट्यूबवरची युक्ती बंद पडते.

एवढं असूनही त्यांचा एक सल्ला मी मनापासून मानतो. चिरंजीव सहावीत गेले, तसं त्यांचं लक्ष 'सेफ'कडे वळलं. १ एप्रिल २०२०ला १.१.१.१वाल्या क्लाउडफ्लेअरने घरांसाठी १.१.१.३ हा पत्ता उघडला. घातक साइट आणि प्रौढांसाठीच्या साइट, यांचा पत्ता हा पानवाला सांगतच नाही. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्डही प्रौढांच्या साइट अडवतो, ९.९.९.९वाला क्वाड९ फक्त घातक साइट अडवतो. पैसे पडत नाहीत, काही बसवावं लागत नाही, कन्सोलमध्ये भरलं की झालं. स्विचमध्ये एकाआधी दोन-दोन शून्यं लावून ००१.००१.००१.००३ असं दिसतं, त्याला घाबरू नये. हे काम चार-आठ्यांनी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या नातवासाठी, चौथ्या मजल्यावरच्या जुळ्यांसाठी, सगळ्यांसाठी केलं, आणि एकाही घरी चहापलीकडे काही घेतलं नाही.

फक्त एक झालं. डीएनएससाठी खाली दुसरी ओळ असते, सेकंडरी. पहिल्याकडून उत्तर आलं नाही, तर यंत्र दुसऱ्याला विचारू शकतं. तिथे १.०.०.३ भरायचं, म्हणजे दुसराही त्याच शिस्तीचा. चार-आठ्यांनी तिथे काय भरलं असेल? आयुष्यभराचं प्रेम असं एका ओळीत थोडंच सुटतं! पहिला पानवाला नको त्या साइटचा पत्ता सांगणार नाही. त्याने जरा उशीर केला, की दुसरा पिचकारी टाकून सगळं सांगणार. सोसायटीतल्या निम्म्या कन्सोलवर ही व्यवस्था चालू होती. हे कळलं चिरंजीवांमुळे. "बाबा, कधी उघडतं, कधी उघडत नाही," अशी त्यांनी तक्रार केली. काय उघडतं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या ओळीच्या दुरुस्तीनंतरही वहिनींनी एक प्रश्न विचारलाच. गेम खेळताना हेडफोनवर याच्याशी जो बोलतो, तो कोण? डीएनएसला नावं कळतात, माणसं कळत नाहीत. यूट्यूबचं दार एकच, आत काय लागलंय हे त्याला दिसत नाही. आणि सेटिंग पुन्हा 'ऑटोमॅटिक' करायला मुलाला फार वेळ लागत नाही. वहिनींनी कन्सोलमधलं पालकांचं नियंत्रण उघडलं, अनोळखी लोकांशी बोलणं बंद केलं आणि पिन घातला. तो पिन चार-आठ्यांनाही माहीत नाही. ओटीपीचा हिशेब असा चुकता झाला.

परवा ते एका लग्नाला मंगल कार्यालयात भेटले. स्टेजवर मंगलाष्टकं चालू, अमेरिकेतल्या आजोबांसाठी लावलेलं थेट प्रक्षेपण अडकलेलं, आणि हे हातात अक्षता घेऊन व्यवस्थापकाला विचारत होते, "राउटर कुठाय?" पासवर्ड नेहमीचाच निघाला, ॲडमिन आणि ॲडमिन. सावधान होईपर्यंत चार आठ पडलेसुद्धा. मांडवातल्या एवढ्या माणसांच्या मोबाइलची चौकशी त्या क्षणापासून कुठे जाणार, हे एका माणसाने ठरवलं होतं, आणि कुणाला कळलंही नव्हतं. गूगलचा सर्व्हर होता म्हणून ठीक. नोव्हेंबर २०११मध्ये एस्टोनियात एक टोळी पकडली गेली. तिने एका व्हायरसमार्फत जगभरच्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचा डीएनएस गुपचूप बदलून जाहिरातींवर लाखो डॉलर कमावले होते. ते खोटे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर या सगळ्यांचं इंटरनेट ठप्प झालं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने ९ जुलै २०१२पर्यंत त्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले. त्या टोळीने व्हायरस लिहिण्याचे कष्ट घेतले. चार-आठ्यांना लोक हात धरून घरात नेतात.

म्हणून एक करा. गेल्या दिवाळीत ते तुमच्याकडे फराळाला येऊन गेले असतील, तर आज कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जा आणि डीएनएसच्या दोन्ही ओळी वाचा. ओळखीच्या सेवेचा पत्ता असेल तर राहू द्या. मात्र पहिल्या ओळीत मुलांसाठीचा असेल, तर दुसऱ्या ओळीतही मुलांसाठीचाच हवा. कुणाचा आहे हे सांगता येणार नाही असा आकडा दिसला, तर सरळ 'ऑटोमॅटिक' करा आणि अडलेलं अपडेट होऊ द्या. राउटरचा पासवर्डही त्याच बैठकीत बदला. तिकिटं मोबाइलवरच काढा.