सोळा सिलिंडर, दीड सेंटिमीटर

एचओ मापाच्या रेल्वे मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट ८७ पटींनी लहान होते. डब्ल्यूडीएम-२ हे आपल्या रेल्वेचं जुनं, दणकट डिझेल इंजिन बफरपासून बफरपर्यंत सतरा मीटरच्या किंचित वर. त्याचं मॉडेल वीस सेंटिमीटरला जरा कमी. वजनाचा हिशेब आणखी गमतीचा आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटतात, त्यामुळे ११२.८ टनांचे उरतात १७१ ग्रॅम. ड्रायव्हर दोन सेंटिमीटरचा. त्याची मिशी रंगवायची झाली तर ब्रशचा एकच केस शिल्लक ठेवावा लागतो. या हिशेबाला न जुमानणाऱ्या गोष्टी दोनच : किंमत आणि आवाज. किमतीबद्दल बोलायचं नाही असं आमच्या घरात ठरलेलं असल्यामुळे इथेही बोलत नाही. आवाजाबद्दल बोलू.

पुण्याहून मिरजेकडे गेलेल्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. मुंबईहून विजेच्या इंजिनावर आलेली महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्यात इंजिन बदलायची. डिझेल लागायचं आणि मग रात्री आदर्कीच्या घाटात ते जे काही बोलायचं, ते वरच्या बर्थवर डोक्यावरून चादर घेतलेल्यालाही ऐकू यायचं. त्या बोलण्याला एक लंगडा ठेका होता. एकसारखं घुमत राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. अडखळायचं, दम घ्यायचं, पुन्हा उसळायचं. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट, मग टर्बोची शिट्टी, आणि हे सगळं आटोपल्यावर सावकाश वेग.

मूळ इंजिन अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचं. १९६२ पासून ते भारतात येऊ लागलं आणि १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून आपली इंजिनं बाहेर पडू लागली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, अल्कोनं इंजिनं बनवणं बंद केलं. तिकडे ज्या घराण्याचं तेरावंही उरकलं होतं, ते इकडे वाराणसीत लेकुरवाळं होऊन पुढे कित्येक दशकं नांदत राहिलं. आता मिरजेच्या मार्गावरही विजेच्या तारा आल्या, कोकण रेल्वेवरही आल्या. प्रदूषण कमी झालं, डिझेल वाचलं, हे सगळं मान्य. पण विजेचं इंजिन स्टेशनात येऊन उभं राहतं तेव्हा ते चालू आहे की बंद, हे चहावाल्यालाही विचारावं लागतं.

म्हणून मी माझ्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये साउंड डिकोडर बसवायचं ठरवलं.

डिकोडर म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या पद्धतीत रुळांतला वीजदाब कमीजास्त करून गाडी पळवत. रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही पळत, कारण हुकूम रुळाला असायचा, इंजिनाला नव्हे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेनं जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून डीसीसी नावाचं डिजिटल मानक ठरवलं. आता रुळांत पंधराएक व्होल्ट कायम असतात आणि त्याच विजेतून संदेश जातात : अमुक नंबरच्या इंजिना, पुढे चल, तमुक नंबरच्या, दिवा लाव. इंजिनाच्या पोटातला डिकोडर आपला नंबर आला की ऐकतो, दुसऱ्याचा आला की दुर्लक्ष करतो. साउंड डिकोडरमध्ये या जोडीला खऱ्या इंजिनाची ध्वनिमुद्रणं आणि एक चिमुकला अँप्लिफायर असतो. मोटर किती जोर लावते आहे हे त्याला कळत असल्यामुळे चढावर तो गुरगुरतो आणि उतारावर हुश्श करतो.

तारा जोडणं हे फार मोठं काम नाही. रंग मानकानं ठरवून दिलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्यांची सामाईक. एकच गोष्ट जपायची : मोटर आणि धातूचा सांगाडा यांचा एकमेकांशी विजेचा संबंध नको. जुन्या मॉडेलांत मोटरची एक बाजू सरळ सांगाड्याला टेकलेली असते. ती तशीच ठेवून डिकोडर जोडला तर धूर निघतो. अल्कोला धूर शोभतो, डिकोडरला शोभत नाही. तेव्हा आधी मल्टिमीटर लावायचा. तो वाजला तर आपण गप्प बसायचं आणि कॅप्टॉन टेप काढायची. माझ्या इंजिनाचा सांगाडा अमेरिकन, वरचा डबा एका हौशी माणसानं थ्री-डी प्रिंटरवर काढून दिलेला. आपल्या ब्रॉडगेजच्या मानानं त्याखालचे रूळ पावणेतीन मिलिमीटरनं अरुंद आहेत. जाणकार पाहुणे चहा यायच्या आत हे सांगतात.

खरी पंचाईत स्पीकरची. पंधरा गुणिले अकरा मिलिमीटरचा, मोबाइलमध्ये असतो तसला स्पीकर हवा होता. त्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात जी वस्तू मिळत नाही ती तपकीर गल्लीत मिळते. फक्त तिचं नाव आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

"आठ ओहमचा छोटा स्पीकर आहे का?"

"मोबाइल कुठला?"

"मोबाइल नाही. इंजिनात बसवायचाय."

"गाडी कुठली?"

"रेल्वे."

दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आदबीनं विचारलं, "मग साहेब, तुम्हाला तीन कोटेशन लागतील ना?"

नुसता स्पीकर लावला तर तो माशीएवढाही आवाज करत नाही. पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींचं म्हणणं खोडून काढतात. मागच्या बाजूला हवाबंद डबी केली की आवाज एकदम अंगात येतो. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची डबी केली, फटी एम-सीलनं बुजवल्या आणि रेडिएटरच्या जाळीखाली तोंड वर करून ती बसवली. तरीही निसर्गाचा एक नियम आडवा येतो. सोळा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ४०० फेऱ्यांवर रेंगाळत असतं तेव्हा सेकंदाला त्रेपन्नएक स्फोट होतात. त्रेपन्न हर्ट्झचा तो खर्ज या नखाएवढ्या पडद्याला जन्मात काढता येणार नाही. तो फक्त वरचे स्वर काढतो आणि खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच्या खर्चानं भरून घेतो. ज्यानं खरं इंजिन ऐकलंय त्याला हे मॉडेल भारदस्त वाटतं. ज्यानं ऐकलेलं नाही त्याला शेव्हिंग मशीन चालू असल्यासारखं वाटतं. आमच्या घरात दोन्ही मतांचे लोक आहेत.

आता प्रोग्रामिंग. डिकोडरच्या आत शेकडो कप्पे असतात. त्यांना सीव्ही म्हणतात आणि प्रत्येकात शून्य ते २५५ मधला एक आकडा ठेवायचा असतो. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक डिकोडरचा नंबर तीन असतो. माझ्या इंजिनावर १७८९५ रंगवलेलं आहे, पण आज्ञा देणाऱ्या बहुतेक यंत्रांची धाव ९९९९ पर्यंतच. भारतीय रेल्वेचा पाच आकडी नंबर त्या मानकात मावत नाही. मग पहिला आकडा सोडून ७८९५ घ्यायचा, त्याला २५६ नं भागायचं, भागाकारात १९२ मिळवायचे, ते २२२ सीव्ही १७ मध्ये, बाकी उरलेले २१५ सीव्ही १८ मध्ये आणि सीव्ही २९ मध्ये ३८. हे सगळं संगणकावरचं जेएमआरआय नावाचं मोफत सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं. पण मी ते कागदावर केलं. शाळेत भागाकार शिकवणाऱ्यांना कधीतरी उत्तर द्यायचं होतं.

या कार्यक्रमाला शेजारचे काका हजर होते. काका घोरपडीच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांची आयुष्यभराची नोकरी अल्कोच्या पोटात डोकं घालून गेली आहे आणि खुर्ची ओढून बसताना त्यांनी चष्मा अशा बेतानं पुसला की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटू लागलं.

डिकोडरला बोलता येत नाही. त्याच्या कप्प्यात काय आहे हे वाचायचं असेल तर प्रश्न असा घालावा लागतो की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. उत्तर 'हो' असेल तर तो मोटरला सहा मिलिसेकंदांचा एक झटका देतो. तेवढ्यानं विजेचा ओघ किमान साठ मिलिअँपिअरनं वाढतो आणि पलीकडच्या यंत्राला कळतं. 'नाही' असेल तर गप्प. त्यामुळे प्रोग्रामिंगच्या रुळावर इंजिन जागच्या जागी दचकत असतं.

"हे धक्के का खातंय?" काकांनी विचारलं.

"होकार देतंय."

"बरंय. आमच्याकडे होकाराला तीन सह्या लागायच्या."

नंबर बसला, इंजिन मुख्य रुळावर आलं आणि मी ते सुरू करायचं बटण दाबलं. आधी पंप गुंजला, मग स्टार्टर कण्हला आणि ते सोळा सिलिंडरांचं लंगडं, अडखळतं रेंगाळणं खोलीत सुरू झालं. काका काही बोलले नाहीत. मी उत्साहानं एक नंबरचं बटण दाबलं, तर टण् टण् टण् घंटा.

"आरती कुठं चाललीय?"

घंटा अमेरिकन. तिकडे स्टेशनाजवळून जाताना इंजिनं घंटा वाजवतात, म्हणून डिकोडरच्या पहिल्या बटणावर ती असतेच. भोंगाही अमेरिकन, चार-पाच सुरांचा, भव्य, टेक्सासच्या गव्हात घुमावा असा. दौंडला असला भोंगा वाजला असता तर हमालांनी काम थांबवून तक्रार केली असती. सुदैवानं माझा डिकोडर जर्मनीच्या ईएसयूचा आहे आणि त्यांच्या लोकप्रोग्रामर नावाच्या डबीतून आपली ध्वनिमुद्रणं आत चढवता येतात. आपल्याकडच्या इंजिनाचा साधा, थोडा घोगरा, वैतागलेला भोंगा माझ्या मोबाइलमध्ये होता. तो चढवला आणि घंटेचं बटण मोकळं केलं. अमेरिकेत तयार झालेलं इंजिन वाराणसीत भारतीय व्हायला दोन वर्षं लागली होती. जर्मन डबीनं ते काम चहा निवायच्या आत केलं.

काका अजून ऐकतच होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला.

"टर्बो बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक सिलिंडर मिस करतोय."

"काका, रेकॉर्डिंग आहे ते. अमेरिकेतल्या इंजिनाचं."

"मग त्यांचा मिस करत असणार. कळवा त्यांना."

मला हसू आलं, पण त्या दिवसापासून मलाही तो सिलिंडर ऐकू येतो. आता तो काही केल्या जात नाही.

सीव्ही ३ आणि ४ यांवर मात्र काकांशी माझे मतभेद आहेत. सीव्ही ३ म्हणजे वेग घ्यायला लागणारा वेळ, सीव्ही ४ म्हणजे थांबायला लागणारा. मानकाच्या सूत्रानं शंभर आकडा घातला तर शून्यापासून पूर्ण वेगाला दीड मिनिट लागतं. काकांच्या मते हेही घाईचं झालं. मागे अठरा डबे असताना अल्को कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्यांचं म्हणणं रेल्वेच्या दृष्टीनं बिनतोड आहे. पण माझं टेबल सहा फुटांचं आहे. तिथे शंभराच्या आकड्यानं ब्रेक लावलेलं इंजिन शेजारच्या स्टेशनात नव्हे, शेजारच्या खुर्चीखाली थांबेल. शिवाय पाहुण्यांची मुलं बटण फिरवतात, इंजिन नुसतंच गुरगुरतं, आणि मुलं "काका, हे हँग झालंय" म्हणून मोकळी होतात. शेवटी तीस-चाळीसवर तह झाला.

राहिला सोसायटीचा प्रश्न. त्या रात्री जेवणानंतर मी इंजिन खिडकीशेजारच्या सायडिंगला रेंगाळत ठेवलं होतं. खरी डिझेल इंजिनं अशीच तासन्‌तास चालू ठेवत. थंड झालेलं इंजिन पुन्हा चालू करणं कटकटीचं असे. तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला : 'लाइट असताना कोणाचा जनरेटर चालू आहे?' दुसऱ्यानं लिहिलं, 'बी विंगकडून येतोय.' तिसऱ्यानं डिझेलचा वास येत असल्याचं कळवलं. सेक्रेटरी टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये उतरले, वॉचमननं प्रत्येक झाकण उघडून पाहिलं. डिझेलचा वास आलेल्या त्या सद्‌गृहस्थांना मी आजवर मॉडेल दाखवायला बोलावलेलं नाही. इतक्या चांगल्या दर्जाचं कौतुक तोंडावर पुन्हा मिळणार नाही. काकांनी मात्र ग्रुपवर उत्तर टाकलं : 'जनरेटर नाही. अल्को आहे. एक सिलिंडर मिस करतोय.'

तेव्हा डिकोडर बसवणाऱ्या सर्वांना माझी एकच विनंती. नवा डिकोडर आवाज चढवूनच येतो, कारण दुकानातल्या गोंगाटात तो विकला जायचा असतो. खऱ्या इंजिनापासून दोन फुटांवर कुणी उभं राहत नाही. मॉडेलपासून मात्र आपण नेहमी तेवढ्यावरच असतो आणि ८७ च्या हिशेबानं ते दोन फूट म्हणजे पन्नासेक मीटर झाले. तिथून जेवढं ऐकू येईल तेवढंच ठेवा. ईएसयूच्या डिकोडरमध्ये मुख्य आवाजाचा कप्पा सीव्ही ६३ आहे. तो १९२ पर्यंत जातो. साठावर पुरे.