आधी दात मोजा

रोड बाइक घ्यायची ठरली की पुण्यात वाद ठरलेला. टियाग्रा की १०५? १०५ की अल्टेग्रा? शिफ्टरवर लिहिलेल्या गिअर-संचाच्या नावावर तासभर काथ्याकूट होतो. मागच्या कॅसेटला दात किती, हे विचारायला मात्र कुणाला सुचत नाही.

सिंहगडाचा चढ नावं वाचत नाही.

हिशेब साधा आहे. पुढे ३४ दातांची चेनरिंग, मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर सरकते. मागे ३४ असेल तर दोन मीटर दहा सेंटिमीटर. फरक हातभराचा. पण गोळेवाडीच्या पुढे तो दर फेऱ्याला गुडघ्यांतून वसूल होतो.

मग मोठी कॅसेट टाकू? टाका की. फक्त ११ गिअरच्या १०५मध्ये मागच्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला ३० दातांपर्यंतचीच झेपते. ३४साठी लांब पिंजऱ्याचा लागतो. दोघांवर नाव एकच!

‘१०५ची सायकल’ म्हणून जी दाखवतात, तीही वाकून बघा. शिफ्टर आणि डिरेलर १०५चे. क्रँक, चेन, ब्रेक अनेकदा भलतेच. घाट उतरताना तुम्हाला थांबवणार कोण, शिफ्टर?

अल्टेग्रा हलकी, हे खरं. किती हलकी? काहीशे ग्रॅम. पाऊण लिटर पाण्याने भरलेली बाटली त्याहून जड असते. शर्यतीत उतरणाऱ्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी त्या पैशांत उत्तम टायर घ्यावेत. खड्डे त्यांनाच सोसायचे आहेत.

आता बॅटरीचं. २०२१च्या पिढीपासून ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे संच इलेक्ट्रॉनिकच. बारा गिअर हवेत आणि तेही केबलवर, तर १०५; ती आवृत्ती २०२३मध्ये आली. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग अप्रतिम आहे, यात वाद नाही. बटण दाबलं, गिअर पडला. पण चार्जिंग संपत आलं की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मग मागचा. सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे राइडला निघताना हे लक्षात असलेलं बरं.

केबलही अमर नाही. शिफ्टरच्या पोटात, जिथे ती वळते तिथे, तिचा एकेक तंतू तुटत जातो. गिअर अडखळू लागले की बदलायची, तुटेपर्यंत ताणायची नाही. तुटलेलं टोक आत अडकलं, तर ते चिमट्याने उपसताना मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो.

आणि चेन? पावसाळ्यातला चिखल तिला कानशीसारखा झिजवतो. ११ किंवा १२ गिअरची चेन अर्धा टक्का लांबली की बदलावी. नाही बदलली तर ती महागड्या कॅसेटचे दात खाते, मग नवी चेनही त्यावर घसरते.

तेव्हा पैसे मोजण्याआधी दुकानात विचारा: चेन मोजायची पट्टी आहे का?

नसेल तर पुढचं दुकान.