पाच मिनिटांचे नाना

नाना "सोपंय रे" म्हणाले की मी आमच्या फ्रिजमधलं दूध-दही एका कडेला सरकवतो. तासाभरात समोरच्या ब्लॉकमधली पातेली आमच्याकडे मुक्कामाला येणार, हे ठरलेलं. तिकडे नानांच्या फ्रिजमध्ये मैद्याचा एक गोळा ओल्या फडक्याखाली बाळंतिणीसारखा पडलेला असतो आणि त्याला कुणी धक्का लावायचा नसतो.

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. छत्तीस वर्षं. निरोपसमारंभात शाल-नारळ मिळाला. व्हर्नियर कॅलिपर त्यांचा स्वतःचा होता. तो आता स्वयंपाकघरात झाऱ्याशेजारी लटकतो. स्वयंपाक येणारे पुरुष असतात, न येणारे असतात. नाना तिसऱ्या जातीचे. त्यांना स्वयंपाक समजतो. पॅटिस, खारी, समोसा, बाकरवडी, जे जे म्हणून बाहेर कागदात गुंडाळून मिळतं, ते सगळं घरी पाच मिनिटांत होतं असं त्यांचं ठाम मत आहे. सकाळी पॅटिससाठी हिंदुस्तान बेकरीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव येते. हा पुण्यात राहून बाळगण्याचा विचार नव्हे, पण नानांना भीती माहीत नाही.

गेल्या मे महिन्यात त्यांनी पॅटिसच मनावर घेतले. पाव किलो मैदा, जवळजवळ तेवढंच लोणी. मैदा गार पाण्यात मीठ आणि लिंबाचे चार थेंब घालून भिजवायचा, लाटायचा, मधोमध लोण्याची थापलेली वडी ठेवून पाकीट बंद करायचं. मग लाटून तिघडी घालायची आणि अर्धा तास फ्रिजमध्ये. पुन्हा लाटायचं, पुन्हा तिघडी. असं सहा वेळा.

"तीनाचा सहावा घात," नाना म्हणाले. "७२९ पदर! बेकरीवाला मोजून देतो का एवढे?"

"पण नाना, सहा अर्धे तास म्हणजे तीन तास झाले की."

"तो वेळ फ्रिजचा. माझा कुठे?"

त्या दिवशी पारा ३९ वर होता. लोणी त्याच्या बरंच आधी हाय खातं. चौथ्या घडीला ते पाकिटाच्या चारी बाजूंनी बाहेर आलं आणि ओट्यावरून खाली जायला लागलं. यामागचं शास्त्रही नानांनीच मला समजावलं, पंख्याखाली बसून, कोपरापर्यंत माखलेले हात वर धरून. पदरांमधलं लोणी थिजलेलं राहिलं तरच ओव्हनच्या आचेवर त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. ते मैद्यात मुरलं की खेळ खलास. म्हणून तर बेकरीवाले उन्हाळ्यात टिकाव धरणारं मार्गारीन वापरतात. इतकं सगळं ठाऊक असलेला माणूस भर मे महिन्यात लोणी लाटायला का बसतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पॅटिस ओव्हनमधून निघाले, नानांनी व्हर्नियर लावला. अपेक्षित उंची ३० मिलिमीटर, प्रत्यक्ष ११. काकूंनी एक मोडून उजेडात धरला.

"एक पदर दिसतोय," त्या म्हणाल्या. "बाकीचे ७२८ कुठे गेले हो?"

काकू एरवी फार बोलत नाहीत. गेली चाळीस वर्षं त्या दिवाळीला चिरोटे करतात. नानांनी त्यांना पदरांचं हे सारं प्रकरण डायनिंग टेबलवर आकृती काढून समजावलं होतं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे साटाच ना?" नाना म्हणाले, "छे गं! हे लॅमिनेशन." काकूंनी डाळ भिजत घातली. त्यांच्या फडताळात लग्नात मिळालेली 'रुचिरा' आहे, हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेली. नानांचा कमलाबाई ओगल्यांवर राग नाही, पण वाटीवर आहे. वाटी म्हणजे किती मिलिलिटर? कुठली वाटी? "हाताला येईल ती," काकू म्हणतात, "फक्त मधेच बदलायची नाही." यावर नाना निरुत्तर होतात आणि वहीत काहीतरी लिहितात.

ती वही बघण्यासारखी आहे. रकाने आखलेले : तारीख, पदार्थ, प्रमाण, वेळ, शेरा.

जानेवारीत मटार स्वस्त झाले आणि नाना पाच किलो घेऊन आले. मटार करंजी! सोलायला आम्हां दोघा नवरा-बायकोला बोलावलं, कारण सोलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. मग नानांनी सारण केलं, पण मटार धुऊन न निथळताच वाटले. मैद्यात रवा घातला, त्यात मोहन घातलं तेही कोमट, आणि पीठ मुरू न देता लाटायला घेतलं. पहिल्या चार करंज्यांनी तेलात तोंडं उघडली. पाचवी फुटली तेव्हा नाना म्हणाले, "आंबटपणा कमी पडतोय," आणि लिंबं आणायला खाली उतरले.

काकू उठल्या. कढईतलं तेल गाळलं. सारण परतून कोरडं केलं, वर मूठभर भाजलेलं बेसन. मग तूप हाताने फेसून पांढरं केलं, त्यात तांदळाची पिठी मिसळली. तीन पोळ्या लाटल्या, एकीवर एक, मधे साटा लावून. घट्ट वळकटी केली, तिच्या लाट्या कापल्या, कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटल्या. सारण भरलं, मुरड घातली. मंद आचेवर करंज्या तेलात सोडल्या आणि एकेक पदर सुटत सुटत मोकळा झाला, पुस्तकाची पानं वाऱ्याने उघडावीत तसा. आम्ही तिघं काही न बोलता बघत होतो. खरं तर आम्ही दोघंच. काकू दुसऱ्या हाताने ओटा पुसत होत्या.

नाना पाऊण तासाने लिंबं घेऊन परतले. भाजीवाल्याशी भारतीय क्रिकेटवर चर्चा झाली होती. ताटलीतली करंजी त्यांनी उचलली, व्हर्नियर लावला, चष्मा वर केला, पुन्हा लावला. मग बसून तीन खाल्ल्या आणि वही मागवली.

दुसऱ्या दिवशी मी ती नोंद पाहिली. पदार्थ : मटार करंजी, पदरी. शेरा : प्रयोग यशस्वी, तिघडीपेक्षा वळकटी सरस. वेळ : ५ मिनिटं.

मी हिशोब केला, तो बरोबर होता. मटार सोलण्याचा वेळ आमचा, साट्याचा काकूंचा, लिंबांचा भाजीवाल्याचा. तीन करंज्या खायला मात्र नानांना तेवढीच लागली होती.