चंद्रपुरात हॉटेलात बसण्याची प्राथमिक पद्धत

सर्वप्रथम गादी-उशीची अपेक्षा सोडा. परकोटाच्या आत ज्या दुकानावर 'हॉटेल' अशी पाटी दिसेल, तिथे बाक असतो, काळी पडलेली कढई असते आणि गल्ल्यावर मालक असतो. झोपायचं असेल तर लॉज बघा. ही पद्धत फक्त बसणाऱ्यांसाठी आहे.

प्रवेश जटपुरा गेटातूनच करा. गोंड राजांनी बांधलेल्या सुमारे 11 किलोमीटरच्या तटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. त्यांतल्या चोर आणि मसण या खिडक्यांनी नवख्याने पहिल्याच दिवशी येऊ नये, नावं शुभ नाहीत. दरवाजावर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. तो जरूर बघा, पण रस्त्याच्या मधोमध उभं राहून नाही. मागून येणाऱ्या ऑटोवाल्याला गोंडकालीन शिल्पात रस नसतो.

गेट ते गांधी चौक या रस्त्यावर वा आतल्या गल्लीत, जिथे सकाळी सहा-साडेसहाला गर्दी दिसेल तिथे थांबा. पोहे मागवा. मग पोहे देणाऱ्याचे हात बघा, माणूस नको. तो उजव्या हाताने पोह्याचा ढीग प्लेटमध्ये टाकतो, त्यावर चण्याची तर्री अशी सोडतो की पिवळ्या ढिगाला कडेने लाल ओहोळ फुटावा, आणि तुम्ही "तर्री कमी" म्हणेपर्यंत वर कांदा पडून लिंबू पिळून झालेलं असतं. "कमी" हा शब्द इथे ऐकू येत नाही. "जरा तर्री टाका ना भाऊ" हे मात्र रस्त्यापलीकडूनही ऐकू येतं, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. आलुबोंड्यालाही हाच नियम. सांबारवडी मागवलीत तर वाटी शोधत बसू नका. तो सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ती वडीच्या पोटात गेलेली आहे.

खाणं जमलं की गिऱ्हाईक ओळखायला शिका. हा अभ्यासक्रमाचा अवघड भाग आहे, कारण या बाकांचा इतिहास मालकांपेक्षा गिऱ्हाइकांनीच घडवला आहे. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर दोनशे किलोमीटरवरच्या सिरोंचातल्या माणसालाही जिल्ह्याच्या कामासाठी चांद्यालाच, म्हणजे चंद्रपूरलाच, यावं लागे. साहेब जेवायला गेलेले असत, पेशी पुढे ढकललेली असे आणि परतीची एसटी उद्याची. अशा माणसाने चहा घ्यायचा नाही तर करायचं काय? नवा जिल्हा झाला ते न्याय्यच झालं. पण या बाकांनी आपलं एक हक्काचं गिऱ्हाईक गमावलं, याची नोंद सरकारी राजपत्रात सापडणार नाही.

त्याच दशकात औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. कोळसा खाणी आणि बल्लारपूरची पेपर मिल आधीपासून होतीच. त्यामुळे पाळी सुटलेला कामगार हा बाकाचा दुसरा आधार. (पांढरा सदरा घालून येऊ नका. राख आणि कोळशाची धूळ पाहुणा ओळखत नाही.) चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडचे भाविक येतात, झरपट नदीत आंघोळ करतात. ऑक्टोबरच्या 15-16 तारखांना इथल्या दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी निळी असते: 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी इथेही लाखोंना धम्मदीक्षा दिली होती. या दिवसांत बाकावर जागा धरून बसू नका. खा आणि उठा.

आता नाजूक विषय. 'हॉटेल' या पाटीखाली बारीक अक्षरात आणखी काय लिहिलंय, हे वाचताना तारखा पाठ हव्यात. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात श्रमिक एल्गार या संघटनेच्या बायका चिमूरहून पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि 1 एप्रिल 2015 ला बंदी आली. परमिट रूमना टाळं लागलं. काहींनी पनीर शिजवायला घेतलं. मे 2021 मध्ये सरकारने बंदी उठवली. तेव्हा 'फॅमिली रेस्टॉरंट' ही पाटी दिसली म्हणजे आत कुटुंबच बसलेलं असेल, असा निष्कर्ष काढू नका. आणि वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीकडे जाणार असाल तर गाडीच्या डिकीत काही ठेवू नका, पलीकडे कायदा वेगळा आहे. माझं मत विचाराल तर सहा वर्षांत बंदी धड राबवली गेली नाही आणि उठवतानाही त्या बायकांना कुणी धड विचारलं नाही.

शेजारच्या टपरीवर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा माणूस दिसेल. तो घोटताना बघा, फार कौशल्याचं काम आहे. घेऊ नका. इथल्या किती तरी माणसांचं तोंड आता दोन बोटांपलीकडे उघडत नाही.

मे महिन्यात येणार असाल तर नाश्ता, गेट, गांधी चौक सगळं नऊच्या आत उरका. पारा 47 वर जातो आणि दुपारी बाकावर मालकही बसत नाही.