३५ की २८?

प्रत्येक तालुक्याच्या गावाला ‘अभ्यास चालू आहे’ म्हणणारा एक माणूस असतो. कुठे तो बैलजोडीचा अभ्यास करतो, कुठे प्लॉटचा, कुठे पोरीसाठी आलेल्या स्थळांचा. तेल्हाऱ्याच्या वाट्याला आलेले भाऊ कॅमेऱ्याच्या वाइड अँगल लेन्सचा अभ्यास करतात. त्यांचं नाव सांगत नाही. छापून आलं तर चार पानी खुलासा पाठवतील आणि त्यात तीन आकृत्या असतील.

भाऊंचं कृषी केंद्र आहे. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. “भाऊ, यंदा कोणतं बियाणं नेऊ?” असं कोणी विचारलं, की त्याची जमीन, विहिरीचं पाणी आणि मागची उधारी मनातल्या मनात तपासून भाऊ अर्ध्या मिनिटात पाकीट काउंटरवर टाकतात. त्या पाकिटावर एका घराचं अख्खं वर्ष अवलंबून असतं, पण भाऊंचा हात जरा थरथरत नाही. दुसऱ्याच्या खिशातून निर्णय झटपट होतात. स्वतःसाठी एक लेन्स घ्यायची, तर किती हंगाम गेले याचा हिशेब फक्त वहिनींकडे आहे.

कॅमेरा ‘झोर्की-४’. भाऊंचे काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. १९५५ च्या करारानंतर तिथे सोव्हिएत इंजिनिअर आले. त्यांच्यातल्या एकाने मायदेशी परतताना तो काकांना विकला, असं घरात सांगतात. या रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यात आरसा नसतो. खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस दुहेरी दिसतो. लेन्स फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की फोकस झाला. शिवाय रोल पुढे फिरवल्याशिवाय वेगाची चकती हलवायची नाही, नाहीतर यंत्र बिघडतं. भाऊ कॅमेरा हातात देण्याआधी हे दोनदा वदवून घेतात आणि मग देतच नाहीत.

मूळची लेन्स ५० मिलिमीटरची. तिच्यात काय मावत नाही, हे भाऊंनी एका दुपारी दुकानासमोर प्रयोग करून दाखवलं. रस्त्यावर चुन्याची रेघ मारली, पाच मीटरवर एक बंडी उभी करवली आणि बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. ५० मध्ये रुंदी येते ३.६ मीटर, ३५ मध्ये पाचाच्या थोडी वर, २८ मध्ये जवळजवळ साडेसहा. म्हणजे पन्नासमध्ये बैल येतात, बंडी कापली जाते. पस्तीसमध्ये बंडी येते, पण मागचं चाक कडेला घासतं. अठ्ठावीसमध्ये बंडी येते आणि शेजारच्या दुकानाची पाटीही येते. बंडीवाला हे सगळं कासरा धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, दोन पावलं मांगं सरा ना!”

“मांगं नाली हाय,” भाऊ म्हणाले.

वाइड लेन्सच्या बाजूने इतका चोख युक्तिवाद मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला कावड येते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी, रांगेने बांधलेली भरणी, खांद्याला खांदा लावून पोरं. त्या गर्दीत मागे सरणार कुठे? नरनाळ्याच्या किल्ल्यावरची नऊगजी तोफही ५० मध्ये घ्यायची तर आधी तोंड घ्यावं, मग बूड. गरज खरीच आहे, एवढं भाऊंच्या बाजूने लिहून ठेवतो.

आता बजेट. भाऊ किंमत रुपयांत सांगत नाहीत, कापसात सांगतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या हिशेबाने रशियन ‘ज्युपिटर-१२’, म्हणजे ३५ ची लेन्स, दीड-दोन क्विंटलची. जर्मन लायकाच्या २८ साठी ट्रक भरावा लागेल. मधली वाट म्हणून स्वस्त चिनी लेन्स आहेत, पण त्या बहुतेक लायकाच्या एम खाचेच्या. झोर्कीला आटे असतात. आट्यांची लेन्स कडं लावून खाचेच्या कॅमेऱ्यावर बसते, उलटं मात्र होत नाही. हे भाऊ इतक्या हळहळीने सांगतात, की ऐकणाऱ्याला सोयरीक मोडल्यासारखं वाटतं.

राहिली ज्युपिटर. तिची कुळकथा भाऊंना तोंडपाठ आहे. झाइसची युद्धापूर्वीची ‘बायोगॉन’, रचना लुडविग बर्टेले यांची. युद्धानंतर ती रशियात गेली आणि तिथे ज्युपिटर झाली. तिचं मागचं भिंग इतकं बाहेर येतं, की झाकण न लावता टेबलावर ठेवली तर ओरखडा ठरलेला. एवढ्या एका कारणावरून भाऊंनी ती दोनदा नाकारली. उघडी ठेवणार कोण होतं? भाऊच.

मी एकदा मध्ये पडलो. म्हटलं, मोठ्या छिद्राच्या महागड्या लेन्सचा विचारच सोडा. आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो. ४०० चा रोल घातला तर भर उन्हात एफ १६ वर पाचशेचा वेग मिळतो. ३५ ची लेन्स अगदी एफ ८ पर्यंत उघडली आणि अंतर पाच मीटरवर ठेवलं, तरी अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्या दोन प्रतिमा जुळवायचीही गरज नाही. भाऊ गप्प झाले. मग म्हणाले, “मंग रेंजफाइंडर कायले घेतला म्या?” मी विषय बदलून तुरीच्या भावावर आणला.

लोकांना वाटतं, घरातून विरोध असेल. वहिनी तर म्हणतात, “अहो, इतकं पाहून राह्यले, तर घेऊन काऊन नाही टाकत?” त्यावर भाऊ “बजेट” एवढंच उत्तर देतात. माझं मत विचाराल तर उद्या कोणी त्यांच्या हातावर पाच लाख ठेवले, तर भाऊंची पंचाईत होईल. मग २८ की ३५ याचं उत्तर द्यावं लागेल. मुंबईला लग्नाला गेले तेव्हा ते वेळ काढून बोरा बाजारात गेले होते. तिथे लेन्स होती, भाव जमत होता, भिंगात बुरशी नव्हती. दुकानदाराने “लेना है क्या?” एवढंच विचारलं आणि भाऊ बाहेर पडले. माणसाला विचार करू देत नाहीत, अशी त्यांची मुंबईविषयी तक्रार आहे.

शेवटी पुण्याला नोकरीला असलेल्या पोरीने आपल्या पगारातून ज्युपिटर-१२ मागवून बापाला पाठवली. भाऊंनी पार्सल उघडलं, आटे साफ करून लेन्स बसवली, डोळ्याला कॅमेरा लावला आणि आनंदाने ओरडले. झोर्कीच्या खिडकीतून ५० पुरतंच दिसतं. ३५ ची चौकट पाहायची तर वर वेगळा फाइंडर बसवावा लागतो. रशियन फिरता घ्यावा, ज्यात २८ पासून १३५ पर्यंत पाच चौकटी असतात, की एकट्या ३५ चा जपानी, जो कधीकधी या लेन्सपेक्षाही महाग पडतो?

तेव्हा विनंती अशी : कोणाच्या कपाटात ३५ चा जुना फाइंडर धूळ खात पडला असेल, तर तेल्हाऱ्याला थेट वहिनींच्या नावाने पाठवा. किंमत त्यांनाच सांगा. भाऊंना पर्याय आहेत असं मात्र कळू देऊ नका. कावडीचा सोमवार जवळ आला आहे.