गुळाच्या चहाची जलमीमांसा

सातारा-सांगलीकडच्या सुशिक्षित माणसाची पर्यावरणनिष्ठा बहुधा चहाच्या कपात प्रकट होते, कारण गाडी विकण्यापेक्षा किंवा वातानुकूलन यंत्र बंद ठेवण्यापेक्षा साखर सोडून गूळ धरणे सोपे असते आणि ते चारचौघांत सांगताही येते. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. त्याने तीन वर्षे गुळाच्या चहाचा पुरस्कार इतक्या चिकाटीने केला की परिचितांनी त्याला चहाला बोलावणेच सोडून दिले, आणि पाणीबचतीतील त्याचे आजवरचे एकमेव ठोस योगदान हेच होय.

एखादा पदार्थ पिकवताना आणि बनवताना खर्ची पडलेले, परंतु त्या पदार्थात न दिसणारे जे पाणी, त्यास ‘आभासी पाणी’ म्हणतात. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात ही संकल्पना रूढ केली आणि तिच्यासाठी त्यांना २००८ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. तिचा पडताळा कृष्णाकाठी घ्यायचा तर हिशेब सोपा आहे. पाटाने भिजणाऱ्या उसाला लागणीपासून तोडीपर्यंत अडीच हजार मिलिमीटरपर्यंत पाणी लागते, चांगल्या रानात हेक्टरी शंभर टन ऊस निघतो, आणि ‘साखर उतारा’, म्हणजे शंभर किलो उसातून हाती येणारी साखर, या पट्ट्यात बारा किलोच्या आसपास असतो. यावरून एक किलो साखरेमागे ढोबळमानाने दोन हजार लिटर पाणी पडते. कपातल्या दोन चमचे साखरेचे वजन दहा ग्रॅम धरले, तर तिच्यामागे वीस लिटर, म्हणजे एक भरली घागर उभी असते.

आता गुळाकडे वळावे. शंभर किलो उसातून गूळ निघतो तो दहा-अकरा किलो. अर्थात गुळाच्या चहात साखरेच्या चहाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच पाणी मुरलेले असते, कारण गूळही उसाचाच होतो. ही गोष्ट वाळवा-शिराळ्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असताना ती लेखकाच्या ध्यानात यायला तीन वर्षे लागली.

तरीही गुऱ्हाळाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, जरी प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध क्षीण असला तरी. घाण्यातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे पसरट अजस्र कढईत, चढतो. खालच्या चुलवणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळतात, त्यामुळे ऊसच उसाला शिजवतो. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस पडला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढली जाते. गुळव्या, म्हणजे गूळ साधणारा कारागीर, उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि काहील कधी उतरवायची ते ठरवतो. त्यास तापमापक दाखवणे हा त्याचा अपमान होय. काहील उतरण्याआधीच्या क्षणी पळसाच्या पानावर मिळणारी गरम काकवी ज्याने खाल्ली आहे, त्याच्याकडून उसाविषयी निःपक्षपाती लेखनाची अपेक्षा करू नये. पिवळाधमक गूळ मात्र संशयास्पद मानावा, कारण तो रंग बहुधा ‘हायड्रो’ नावाच्या विरंजक रसायनाचा असतो. गुळाचा चहा फाटतो याचे कारणही गुळाच्या आंबटपणात आहे. भांडे चुलीवरून उतरवून मगच गूळ घालावा, असा जाणत्या गृहिणींचा नियम असून लेखकाने तो चौदा वेळा मोडला आहे.

आता पुन्हा पाण्याच्या हिशेबाकडे यावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. देशभर त्याची छायाचित्रे छापली गेली. वरच्या हिशेबाने ते पाणी पंचवीस हजार कप चहाच्या साखरेइतके भरते, आणि सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या घरात होती.

मात्र एवढ्यावरून ऊस लावणाऱ्यास दोषी ठरवणे सोपे असले तरी खरे नाही. उसाला कायद्याने ठरलेला ‘रास्त व किफायतशीर दर’ आहे, २०२४-२५ च्या हंगामात तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, आणि ऊस नेणारा कारखानाही शिवेवर आहे. उलट कमी पाण्यावर येणाऱ्या माण-खटावच्या बाजरीला आणि जत-आटपाडीच्या शाळूला आधारभूत किंमत जाहीर होते, पण हक्काचे गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, बाजरीला ‘श्रीअन्न’ ही पदवी मिळाली, आणि शहरातल्या दुकानांत तिची बिस्किटे आली, ज्यांत साखर होती.

ज्या साताऱ्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातील माणदेशात टँकरची वाट पाहत बसलेली बाई परातीत बाजरीची भाकरी थापते, आणि कमी पाण्याचे अन्न खाल्ल्याबद्दल तिचे अभिनंदन करायला कोणी येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत तिची जनावरे जगली. अशा छावण्यांत जनावरांपुढे पडतो तो बहुतेक ऊसच. तेव्हा उसाला शिव्या द्यायच्या तर तिला विचारून द्याव्यात.

लेखकाने अलीकडे चहात काहीही गोड घालायचे सोडले असून बाजरी आणली आहे. त्याच्या भाकरीला काठाशी चिरा जातात, हे पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसल्यामुळे होते असे तो म्हणतो आणि घरचे लोक दुसरे कारण सांगतात. वाचकांपैकी कोणी त्याचे अनुकरण करणार असेल, तर पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. बाजरीचे पीठ लवकर कडू होते.